शामकलाच्या ओसरीवर

मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. बाजारात वांगी घेताना देठ मोडून पाहते. पाहुणा फार गोड बोलायला लागला की त्याचं नक्की काम काय आहे, हे चहा ठेवायच्या आधीच ओळखते. देशात पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा कागद टाकण्याआधी मी तिथल्या साहेबाला म्हटलं होतं, पेटीला बूड आहे का ते आधी दाखवा. आमचे मालक म्हणायचे, यम न्यायला आला तरी ही त्याला आधी कोणत्या गावचा म्हणून विचारेल. म्हणोत बापडे. या स्वभावानं माझं आजवर काही बिघडलं नाही, आणि एकदा तर तो भर पारावर कामी आला.

म्हणूनच सारी गल्ली शामकलाला देवमाणूस म्हणायची तेव्हा मी एकटी म्हणत होते, थांबा, पाहू.

शामकला म्हणजे खेमराजची बहीण. त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये एक कुडाचं कुंपण, त्यातून मांजर जाईल एवढी फट. आमचं गाव कामठ्याच्या अलीकडे, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली वावरं. तिच्या लहानपणी गावात तापाची साथ आली, त्यात पोरगी वाचली पण कान गेले. बोलता येत होतं, पण स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून त्याचं माप सुटलं. कधी एकदम मोठा निघायचा, कधी घशातच अडकायचा. पोरं हसायला लागली. मग तिनं तोंडच मिटलं, ते कायमचं. गावात नवीन आलेल्याला ती मुकीसुद्धा वाटायची.

तिचं लग्न झालं तेही झाकून. मुलगी लाजरी आहे, बोलत नाही, असं सांगून घरच्यांनी वेळ मारून नेली. सासर सालेकशाच्या पलीकडे, जंगलात. तिथं चार-सहा महिन्यांत खरं काय ते कळलं. त्यांनी मारलं नाही, भांडणही काढलं नाही. दिवाळी झाल्यावर नवं लुगडं नेसवून तिला मंडईसाठी माहेरी धाडलं.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी तिथंच ठरतात. लेकी-सुना माहेरी येतात, आणि मंडई सरली की सासरचं माणूस त्यांना न्यायला येतं. न्यायला कोणी आल्याशिवाय लेक आपली आपण परत जात नाही. गेली तर तिची काही किंमत राहत नाही. शामकलाला न्यायला कोणी आलंच नाही. तिनं काही दिवस रस्त्याकडे पाहिलं. मग एके सकाळी ओसरीत बसली, मांडीवर सूप घेतलं, तेंदूची पानं कापली आणि बिड्या वळायला लागली. तिकडं तिच्या नवऱ्यानं दुसरी केल्याचं पुढं आमच्या कानावर आलं. तिच्या कानावर यायचा प्रश्नच नव्हता.

आता बिडीचं काम असं की हात चालू आणि तोंड मोकळं. गल्लीतल्या बाया आपापलं सूप घेऊन तिच्या ओसरीत बसायला लागल्या, कारण तिथं सावली होती. आणि बसता बसता एकीनं सुनेचं गाऱ्हाणं काढलं. बहिरीपुढं काय, बोललं काय आणि न बोललं काय! पण बोलून झाल्यावर तिला मोकळं वाटलं म्हणे. मग दुसरी आली, ती कोणी नसेल ती वेळ पाहून. मग तिसरी.

बाईमाणसाला बोलायला जागा असते कुठं? सासूला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगून उपयोग नाही, आणि विहिरीवर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कामठ्याच्या बाजारात आपल्याच घरची गोष्ट आपल्यालाच ऐकायला मिळते. भिंतीला कान असतात, शामकलाला नव्हते. एवढ्यावर बायांनी तिच्यापुढं काय काय ओतलं असेल, देवाला माहीत. मी मात्र कधी एक शब्द बोलले नाही. तिच्या ओसरीत बसले तर पानाचा भाव बोलायचे, तोही हातानं.

कारण मला कुठं तरी पाणी मुरतंय असं वाटायचं. एकीनं पाठीत चमक भरते म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या सुपात कापलेली पानं तयार. एकीच्या नवऱ्यानं मोहाची पिऊन सैपाकाचं भांडं अंगणात फेकलं होतं, ती इथं येऊन रडली, आणि दुपारी तिची पोरं शामकलाकडे आंबील पिऊन राहिली होती. एक पोरगी तळ्यावर एकटी जायला भ्यायची, वाटेत कोणी तरी मागं लागायचा. शामकलानं तिच्याच वेळेला घागर घेऊन तळ्यावर जाणं सुरू केलं. बाया म्हणायच्या, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. मी म्हणायचे, एकच कावळा किती फांद्या मोडेल?

शिवाय ती बसायची कशी ते मी पाहिलं होतं. नेहमी बोलणारीच्या तोंडासमोर. बोलता बोलता कोणी मान खाली घातली, की शामकला सूप पुढं करायची, नाही तर दोरा मागायची; म्हणजे समोरची वर पाही. बहिऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडाशी काय काम? एकदा ती पाठमोरी असताना मी मुद्दाम पितळेची घागर फरशीवर सोडली. माझीच मी दचकले, कुत्रं पळालं, पण ती हलली नाही. म्हणजे बहिरी होती हे खरं. मग काय खोटं होतं? फुकट कोणी कोणाची पानं कापून देत नाही. यातून हिला काय मिळतं, हे मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्यानं माझी झोप जाते.

त्या मतदानाच्याच वर्षी, दिवाळी झाली तेव्हाची गोष्ट. धान कापणीला आलं होतं, सारे वावरात. माझा पाय मुरगळला म्हणून मी घरी होते. दुपारी कुंपणाच्या फटीतून पाहते तर देवकाबाई शामकलाच्या ओसरीत येऊन बसली. देवकाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. घरी मुलगा सेवकराम आणि सून प्रेमिला. पोरगी कामाची, तोंडानं गरीब, पण लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. देवकाबाई त्या दिवशी खूप वेळ बोलली. हळू बोलत होती, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण एक पाहिलं. शामकलाच्या हातातली बिडी अर्धी वळून तशीच थांबली. तिचे हात थांबलेले मी तोवर पाहिले नव्हते.

देवकाबाई उठून गेली. जाताना तिनं शामकलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हसली. मी मनात म्हटलं, काही तरी शिजतंय.

दोन-तीन दिवसांनी प्रेमिलाचा भाऊ बैलबंडी घेऊन तिला मंडईसाठी न्यायला आला. सासूनं सुनेला नवं लुगडं नेसवलं होतं. गठुडं बांधून दिलं, वाटेत खायला चिवडा दिला. एरवी ही देवकाबाई सुनेला माहेरी पाठवताना तोंड पाडायची, त्या दिवशी तिला बंडीत बसायला हात देत होती. गल्लीतल्या बाया दारात उभ्या. सेवकराम बैलांच्या तोंडाशी उभा राहून उगाच कासरा सोडत-बांधत होता.

तेवढ्यात शामकला आली. सूप ओसरीत तसंच ठेवून आली होती, पदराला तंबाखू लागलेली. ती सरळ बंडीसमोर उभी राहिली आणि बोलली. तिचा आवाज गल्लीतल्या निम्म्या बायांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला. जाड, वर-खाली होणारा, विहिरीतून आल्यासारखा.

"जाऊ नको माय. तुले घ्याले कोनी येनार नाही. पाट लावून राहिले."

प्रेमिलाला आधी कळलंच नाही. मग तिनं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. सेवकराम बैलाच्या शिंगाकडे पाहत होता. ती मुकाट्यानं बंडीतून उतरली, गठुडं घेतलं आणि घरात जाऊन बसली. देवकाबाईनं मात्र गल्ली डोक्यावर घेतली.

पाट म्हणजे तुम्हाला ठाऊकच असेल, दुसरं लग्न. विधवेशी किंवा टाकलेल्या बाईशी लावायचं, वाजंत्रीशिवाय. तेव्हा घरात एक बायको असताना पुरुषानं दुसरी आणली तरी कायदा आडवा येत नव्हता. आड यायची ती पहिली बायकोच, आणि तिला माहेरी धाडून न्यायला गेलं नाही, की तीही अडचण दूर व्हायची.

दुपारी मारुतीच्या पारावर भैयाजी पाटलांनी साऱ्यांना बोलावलं. सारावसुलीची मालगुजारी गेली होती, पण गावात पाटलांचा शब्द अजून चालत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. प्रेमिलाचा भाऊही होता. बाया एका बाजूला उभ्या होत्या आणि त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. प्रत्येकीच्या मनात एकच हिशेब: मी हिच्यापुढं काय काय बोलले? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं साऱ्यांच्याच मनात पौर्णिमा. काल देवमाणूस म्हणणाऱ्या आज म्हणत होत्या, इतकी वर्षं सोंग केलं बाईनं. दोघी-तिघी माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, तू म्हणत होतीस ते खरं निघालं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं.

देवकाबाईनं सांगायला सुरुवात केली. ही बहिरी नाहीच. सारं ऐकते आणि घरं फोडते. हिला नवऱ्यानं टाकली म्हणून दुसरीचा संसार हिला पाहवत नाही. शेवटी तिनं तो शब्द काढला, टोनही. करणी करणाऱ्या बाईला आमच्याकडे टोनही म्हणतात, आणि तो शब्द एकदा लागला की बाईला गावात पाणी मिळणं कठीण. खेमराज खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, पाटील, मला पोरंबाळं आहेत. गाव म्हणत असेल तर हिला सालेकशाला मावशीकडे नेऊन घालतो. ती मावशी मरून वर्ष झालं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे नेऊन कुठं घालणार होता?

पाटलांनी शामकलाला समोर बोलावलं आणि हातानं विचारलं, ऐकू येतं का? तिनं मान हलवली, नाही. मग देवकाबाईचं बोलणं कसं कळलं? शामकलानं बोट उचललं आणि पाटलांच्या ओठांकडे दाखवलं. पाटलांना ते खरं वाटेना. त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. शामकला म्हणाली, "खेमराज." पाटील साऱ्यांकडे वळून म्हणाले, मी हिला भावाचं नाव विचारलं होतं.

हिला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. इतकी वर्षं प्रत्येकीचं सारं दिसत होतं. मला सूप पुढं करण्याचा अर्थ लागला. बायांनी एकेक करून पदर तोंडावर घेतला.

आता खरं तर देवकाबाई अडकली होती. ती बोलायला बसली होती हे मी पाहिलं होतं आणि मी ते सांगितलंही. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती एकदम हसली.

"तोंड पाहून समजते म्हनता, त मंग तोंडानंच घोटाळा केला, पाटील. पाट अन् भात तोंडावर सारखेच दिसतेत. मी त म्हटलं, मंडई झाली का भात लावून टाकू. इनं पाट समजला."

पाटलांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. पाट. भात. शेजारच्यानं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग सारा पारच ते करायला लागला. मिशावाले बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून पाट, भात, पाट, भात करत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. खरंच काही फरक दिसत नव्हता. ओठ मिटतात, उघडतात, झालं. शामकलाही त्यांच्या तोंडाकडे पाहत होती आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भीती दिसली. तिला वाटत असावं, आपणच चुकलो का? आपल्यासारखं दुसरीचं होऊ नये म्हणून इतकी घाई झाली, की जे नव्हतं तेच दिसलं?

पाटलांना पटलं. ते म्हणाले, बहिऱ्या बाईची चूक झाली, पण चुकीनं घर मोडायची पाळी आली. प्रेमिलानं भावासोबत मंडईला जावं. आणि शामकलाला खेमराजनं चार दिवसांत गावाबाहेर न्यावं, म्हणजे गल्लीला शांतता. देवकाबाईनं पदरानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते.

मी शामकलाच्या बाजूची नव्हते. माझा तिच्यावरचा राग अजून गेला नव्हता. पण देवकाबाईचं ते हसणं माझ्या गळी उतरलं नाही. फार सोपं उत्तर होतं ते, आणि सोप्या उत्तराचा मी देठ मोडून पाहते. घरी जायला वळले, पायात कळ आली म्हणून थांबले, आणि समोर बांध्यांमध्ये पिवळं धान उभं दिसलं. धान!

मी परत फिरले. बाईमाणसानं पारासमोर जाऊन बोलायची रीत नव्हती, पण तेवढं कोण पाहतो.

"देवकाबाई, तुह्या बांधीत काय लावतेत?"

"काय म्हंजे? धान," ती म्हणाली.

"मंग भात कोन लावते?"

एक क्षण कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग मागं कोणी तरी फसकन हसलं. आमच्या झाडीपट्टीत जन्मल्यापासून मरेपर्यंत कोणी भात लावत नाही. वावरात असतं ते धान. कांडलं की तांदूळ. शिजला की भात, तो ताटात. तिकडं घाटावर भात लावतात म्हणे, लावोत. आमच्या लेकराला विचारलं तरी ते म्हणेल, धान रोवतात आणि भात खातात. आणि रोवतात ते पाण्यापावसात, मंडई झाल्यावर नव्हे. मंडईनंतर वावरात उरतात ती धसकटं. देवकाबाईनं ओठांना जुळणारा शब्द शोधला, पण तिच्या तोंडात तो शब्द कधी असणंच शक्य नव्हतं.

पाटील तिच्याकडे पाहत राहिले. सेवकराम उठला आणि खाली पाहत सारं सांगून मोकळा झाला. बोदलकशाच्या तळ्याखाली बांध्या असलेली एक तरणी विधवा, आईनं मंडईतच बोलणी पक्की करायचं ठरवलेलं. तो म्हणाला, मी हो म्हटलं नव्हतं. मी विचारलं, नाही म्हटलं होतं का? मग सर्वांसमोर त्यानं पाट लावणार नाही म्हणून मारुतीच्या पायावर हात ठेवला. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास तेव्हाही बसला नाही, आजही नाही. पण प्रेमिला त्या घरात राहिली, आणि पाटलांनी खेमराजला सांगितलं की बहिणीला कुठं न्यायचं कारण नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. सारी गल्ली शामकलाच्या पाया पडायला हवी होती. तसं काही झालं नाही. तिनं एकीचं घर वाचवलं आणि तिची ओसरी ओस पडली.

बाया यायच्या बंद झाल्या. तिच्या दारावरून जाताना मान वळवायच्या. गल्लीत दोघी बोलत असल्या आणि ती दिसली, की पदर तोंडावर. सवय अशी लागली की ती नसतानाही तोंडं झाकली जाऊ लागली. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, या गावात साऱ्या बायांचे दात दुखतात. प्रेमिला तेवढी यायची, पण तिलाही बोलायला जड जायचं, सासू घरात होती. खेमराजची बायको तिला जेवायला वाढताना पाठ करून बोलायची. शामकला दिवसभर एकटी बसायची. पानं कापायची, वळायची, बांधायची. कोणी वाटेनं गेलं की वर पाहायची आणि पुन्हा खाली.

मला वाईट वाटायला लागलं. आणि राग आला, तिचाच. सारं माहीत असून ही बाई बोलली का? एके दिवशी मी कुंपण ओलांडून गेले, तिच्यासमोर बसले आणि पदर न घेता सरळ विचारलं.

"कायले सांगतलंस तू? मालूम नव्हतं का, मंग कोनी येनार नाही म्हनून?"

"मालूम होतं," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती दोऱ्याचं टोक शोधत राहिली. मला वाटलं, संपलं बोलणं. पण ती त्या जाड आवाजात थांबत थांबत बोलली. म्हणाली, "कान गेले, मानूस गेला, त मले वाटे, मी कोनाच्या काय कामाची? मंग बाया येऊन बसाले लागल्या. बोलून गेल्या का त्याइचं तोंड हलकं दिसे. मले तेवढं पुरे. पन त्या पोरीनं रस्त्याकडे पाहत बसावं, ते माह्यानं पाहवलं नसतं."

मी पानाचा भाव विचारला आणि घरी आले. तिला यातून काय मिळतं, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. तिनं ते सांगितलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्यात खोट शोधली. दोन दिवस शोधली. सापडली नाही.

मोहफुलं पडायला लागली होती. मी अंगणात फुलं वाळवत होते. कुंपणाच्या फटीतून पाहते तर शामकलाच्या ओसरीत देवकाबाई.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. ही इथं कशाला? नवं काही शिजवायला? बदला घ्यायला? मी फटीला कान लावला. पाय अवघडला तरी हलले नाही. एक शब्द ऐकू येईना. श्वाससुद्धा धरून पाहिला. काही नाही. मग डोळा लावला.

देवकाबाई शामकलाच्या अगदी समोर बसली होती. पदर तोंडावर नव्हता. तिचे ओठ भराभरा हलत होते आणि त्यातून आवाज निघत नव्हता. एवढासाही नाही. ती बोलत होती, रडत होती, थांबून पुन्हा बोलत होती, आणि दोन हातांवर कुडाआड उभ्या असलेल्या मला, या गावात कोणाचंही काहीही ऐकू येणाऱ्या मला, काही कळत नव्हतं. शामकलानं बिडी खाली ठेवली होती. ती फक्त पाहत होती.

देवकाबाईला सून बोलत नव्हती, मुलगा घरात थांबत नव्हता, गल्लीत तिला पाहून भात-भात म्हणून पोरं चिडवत होती. हे मला ठाऊक होतं. ती आणखी काय बोलली ते ठाऊक नाही. साऱ्या गावात तिला जायला एकच दार उरलं होतं, आणि तेही बंद करायला तीच निघाली होती. शामकलानं ते तिच्यासाठी उघडं ठेवलं होतं. मी फटीपासून बाजूला झाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे आपण पाहू नये.

देवकाबाईनं कोणाला काही सांगितलं नसेल, पण बाया आंधळ्या नव्हत्या. आठवड्याच्या बाजारानंतर एक आली. मग दुसरी. त्यांच्या ध्यानात आलं की पूर्वी भिंतीचं भय होतं, शेजारणीचं भय होतं, हळू बोलावं लागत होतं. आता तर बोलावंही लागत नव्हतं. ओठ हलवले की झालं. आणि हिच्या पोटातून आजवर बाहेर पडलं ते एकच, तेही एकीला वाचवायला. हळूहळू ओसरी पुन्हा भरली. सुपं मांडीवर, कात्र्या चालू, एकेकीचे ओठ हलताहेत, आणि ऐकायला फक्त पानांची करकर. वाटेनं जाणारा बाप्या थबकून पाहायचा. त्याला वाटायचं, या बायांना झालंय काय?

सगळ्यांत शेवटी मी गेले. कोणी नाही अशी वेळ पाहिली. गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, खेमराजच्या दाराची कडी लागलेली आहे ना ते पाहिलं. शामकलासमोर बसले. तिनं सूप पुढं केलं नाही. मी मान वरच ठेवली होती. सारा जन्म कोणाला सांगितलं नाही असं माझंही काही होतं. आमच्या मालकांनाही नाही. माझे ओठ हलायला लागले आणि तिचे हात थांबले.

काय बोलले, ते तुम्हाला कशाला सांगू? तुमचा काय भरवसा?